हस्तिदंताचा गोवारी

एकतीस वर्षं मी थुंकीने देव पुसले.

हे वाक्य चारचौघांत मी टाळते, कारण पुढचं ऐकून घेण्याआधीच लोकांची तोंडं वाकडी होतात. पण थुंकीसारखं औषध नाही. कापसाचा एवढासा बोळा काडीला गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि मूर्तीच्या गालावरून अलगद फिरवायचा. उदबत्त्यांचा, मेणबत्त्यांचा, माणसांच्या हातांचा शे-दोनशे वर्षांचा चिकट थर त्याने सुटतो आणि खालच्या हस्तिदंताला इजा होत नाही. अट एकच, चहा पिऊन लगेच बसायचं नाही. आमच्या प्रयोगशाळेत सकाळी अकरापर्यंत कुणी चहा घेत नसे. नवीन आलेल्या साहेबांना ती आमची शिस्त वाटायची.

मुंबईतल्या एका वस्तुसंग्रहालयात मी संवर्धन विभागात होते. संवर्धन म्हणजे जुनी वस्तू नवी करणं नव्हे. ती आहे तशीच आणखी शंभर वर्षं राहावी, एवढंच आमचं काम. माझ्या टेबलावर यायच्या त्या मुख्यतः पोर्तुगीज अमदानीतल्या हस्तिदंती मूर्ती: मरियम, क्रूसावरचा येशू, संत, देवदूत. आफ्रिकेतून जहाजाने हत्तीचे दात यायचे, पाद्री चित्र दाखवून काय हवं ते सांगायचे आणि कोरणारे हात बहुतेक इथलेच असायचे, देवळांची कामं केलेल्या घरांतले. म्हणून त्या मरियमेच्या वस्त्राच्या चुण्या निऱ्यांसारख्या पडतात, आणि सगळ्याच मूर्ती किंचित एका बाजूला कललेल्या असतात. लोकांना ती भक्ती वाटते. खरं तर हत्तीचा दातच वाकडा असतो. कारागीर दाताच्या कलाने जातो.

हस्तिदंत फार हळवा. पावसाळ्यात हवेतलं पाणी पिऊन फुगतो, कोरडी थंडी पडली की आक्रसतो, आणि एकदम आक्रसला की तडकतो. तडकताना ‘टिक’ असा बारीक आवाज होतो, नखावर नख मारल्यासारखा. तो आवाज मी नोकरीत चार वेळा ऐकला. चारही वेळा मूर्ती कोणती होती, खिडकीतून ऊन कुठवर आलं होतं, मी काय करत होते, ते आजही सांगू शकते. झोपेत कुणी पत्र्यावर नख वाजवलं तरी मी उठून बसेन.

निवृत्त झाल्यावर मी माहेरी, डहाणूला परत आले. घर मल्याणात, समुद्राच्या अंगाला. वाटलं होतं, आता कसली धास्ती नाही. पण माणसाचा धंदा त्याच्या आधी गावात पोचलेला असतो. सहा महिन्यांत डहाणू रोडच्या बाजारातले एक धान्याचे व्यापारी पिशवीत काहीतरी लपवून आले. बसायच्या आधी त्यांनी दार लावून घेतलं.

“बेन, कोणाला बोलायचं नाय,” ते म्हणाले. “दादाजींच्या वेळची मूर्ती आहे. हाथीदांतची. कागद काय नाय. फॉरेस्टवाले आले तर मला नेतील ने?”

पिशवीतून बासरीवाला कृष्ण निघाला. मी तो उलटा केला आणि तळ भिंगाखाली धरला. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वाकड्या रेषांची जाळी दिसते, विणलेल्या चटईसारखी. हाड असेल तर बारीक काळसर ठिपके दिसतात, कारण हाडात रक्ताच्या वाटा असतात. कृष्णाच्या तळाशी जाळी नव्हती, ठिपकेही नव्हते. कमरेपासून पायापर्यंत साच्याची सरळ शिवण होती.

“शेठ, प्लास्टिक आहे.”

त्यांनी त्या शिवणीवरून नख फिरवून पाहिलं. मग म्हणाले, “वीस वरस मी घाबरून झोपलो. प्लास्टिकसाठी?” सुटका झाल्याचा आनंद मानावा की अपमान झाल्याचा राग, हे त्यांचं शेवटपर्यंत ठरेना. जाताना दार मात्र सताड उघडं टाकून गेले.

त्यांची भीती खोटी नव्हती. आपल्याकडे हस्तिदंत विकणं, विकत घेणं हा गुन्हा आहे, मग तो तीनशे वर्षांपूर्वीचा का असेना. घरात असेल तर वनखात्याचा दाखला लागतो. कायदा योग्यच आहे. तो नसता तर हत्ती उरले नसते. पण खूप घरांत अशा वस्तू आहेत ज्यांचा कागद कधी कुणी केलाच नाही. म्हणून माझा नियम होता: कागद नसेल तर वस्तू ठेवून घ्यायची नाही, आणि कशाची आहे हे विचारलं तर खरं तेच सांगायचं. हातात दुसरं काही नव्हतंच. आमच्या धंद्यात माणसाचा शब्द खोटा ठरला की त्याने भिंग विकून टाकावं.

कौशल्याचा गर्व मला होता, हेही सांगते. तो एका मरियमेने उतरवला. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी एक वीतभर मूर्ती साफ केली. इतकी शुभ्र, इतकी देखणी झाली की साहेबांनी सगळ्यांना बोलावून दाखवली. घरी आल्यावर कापसाचे वापरलेले बोळे आठवले. त्यातले दोन तपकिरी होते, मळासारखे काळे नव्हते. या मूर्ती मुळात रंगवलेल्या असायच्या, केसांना, ओठांना, भुवयांना बारीक रंग असायचा. मी तिच्या डोळ्यांतली बुबुळं पुसून टाकली होती. कुणालाच कळलं नाही. ती अजून तिथे काचेच्या कपाटात उभी आहे, कोऱ्या डोळ्यांनी, आणि लोक म्हणतात किती शांत चेहरा.

आता मंगलाची गोष्ट. खरं म्हणजे लिहायला बसले ती हिच्यासाठीच.

दिवाळी होऊन गेली होती. हवा कोरडी व्हायला लागली होती. दुपारी तीनच्या सुमाराला फाटक वाजलं. चाळिशीची बाई, हातात चिकू पाठवायचं पुठ्ठ्याचं खोकं. मला वाटलं कुणीतरी चिकू पाठवले.

“मी मंगला. घोलवडला पॅकिंगच्या शेडमध्ये आहे,” ती म्हणाली. “शेठाणी बोलल्या, तुम्ही जुन्या देवांचं बघता.”

शेडची मालकीण माझ्या शाळेतली. मी तिला आत घेतलं. मंगलाने खोकं जमिनीवर ठेवलं, वरचा पेंढा काढला, मग टॉवेल सोडला, आणि मी खुर्चीवरून खालीच बसले.

बाल येशू होता. मेंढपाळाच्या रूपातला. डोंगरासारख्या चौथऱ्यावर पायावर पाय टाकून बसलेला, उजव्या गालाला हात लावून झोपी गेलेला. एक कोकरू खांद्यावर, एक मांडीवर. कमरेला पाण्याचा भोपळा. खाली झऱ्यावर पाणी पिणारे पक्षी, आणि सगळ्यात खाली गुहेत आडवी होऊन पुस्तक वाचणारी बाई. असे मी संग्रहालयात पाहिले होते, पण काचेआडचे. हा धुराने मधाच्या रंगाचा झाला होता आणि त्याच्या कपाळावर ताजं कुंकू होतं.

“हा कोण तुमचा?” मी विचारलं.

“गोवारी देव,” मंगला म्हणाली. “गुरं राखणारा. सासऱ्यांनी आणलेला.”

मंगलाचा पाडा तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. भात, नागली, थोडीशी भाजी. सासरा तरुणपणी दमणला एका पोर्तुगीज घरात स्वयंपाकाला होता. पोर्तुगीज गेले तेव्हा मालकिणीने निघताना हा त्याच्या हाती दिला, म्हणाली, याला सांभाळ. त्याने चाळीस वर्षं सांभाळला. तो गेल्यावर त्याच्या बायकोने, जेठीआजीने. मंगलाचा नवरा वारलेला. घरात सासू-सून दोघीच. पाड्यातलं जनावर आजारी पडलं की लोक गोवारी देवाला नारळ ठेवायचे. तो येशू आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी तेव्हा सांगितलंही नाही. कोरणाऱ्यालाही तो नेमका कोण वाटला असेल कुणास ठाऊक.

“इथं बघा,” मंगला म्हणाली. डाव्या गालावरून कानापर्यंत एक पापुद्रा सुटला होता, चिकूच्या सालीसारखा उभा राहिलेला. नवीन वीज आली म्हणून पाड्यातल्यांनी देवघरात पिवळा बल्ब लावला होता, देवाच्या अगदी डोक्यावर. बल्बची ऊब हस्तिदंताला मारक.

पण ती त्यासाठी आली नव्हती. गेल्या महिन्यात कुणीतरी मोबाईलवर गोवारी देवाचा फोटो काढून पुढे पाठवला. आठवड्यात पांढरी गाडी घेऊन एक माणूस पाड्यावर आला. वापीचा आहे म्हणाला. गोड बोलला. म्हणाला, हा हस्तिदंत आहे, घरात ठेवलात तर तुरुंगात जाल, मला द्या, मी परस्पर निस्तरतो. दुसऱ्यांदा आला तेव्हा गोड बोलला नाही.

“घरी ठेवायची भीती वाटते,” मंगला म्हणाली. “तुमच्याकडे ठेवा.”

माझा नियम मी वर लिहिला आहे. कागद नाही तर वस्तू नाही. मी तो तिला सांगितलासुद्धा. पण सांगताना माझी नजर त्या पापुद्र्यावर होती. खोक्यात परत भरून, रिक्षातून तलासरीपर्यंत आणि पुढे कच्च्या वाटेने नेला असता तर अर्धा चेहरा पेंढ्यात गळाला असता. मी म्हटलं, “तीन दिवस. पण तिसऱ्या दिवशी मी वनखात्यात जाऊन सांगणार.”

“ते घेऊन जातील ना?”

“कदाचित.”

तिने माझ्याकडे पाहिलं; चोराच्या भीतीने आपण शिपायाच्या दारात आलो, असं तिला वाटलं असावं. तरी खोकं ठेवून गेली, कारण दुसरा इलाज नव्हता.

पहिल्या दिवशी मी पापुद्र्याखाली माशापासून केलेल्या पातळ सरसाचा एक-एक थेंब ब्रशच्या टोकाने सोडला आणि वरून तलम कागद लावला.   देव झाकणाच्या डब्यात ठेवला, डब्याच्या कोपऱ्यात वाटीत ओला स्पंज, मूर्तीला लागणार नाही असा, म्हणजे हवा एकदम कोरडी होऊ नये. डबा ठेवला स्वयंपाकघरात, लोणच्याच्या बरण्यांमागे. माझ्यासारख्या संग्रहालयातून निवृत्त झालेल्या बाईच्या घरात बिनकागदाचा हस्तिदंत सापडला, तर ‘दुरुस्तीला होता’ हे कोण ऐकून घेणार? फाटक वाजलं की मी आधी बरण्या सारख्या करायचे. दूधवाला आला तरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी पांढरी गाडी उभी होती. गुजरातची नंबरप्लेट. आत एक माणूस फोनवर बोलत होता. मी फुलं तोडण्याच्या मिषाने बाहेर गेले, तर तो उतरला आणि मला नावाने हाक मारली.

“मॅडम, मंगलाबेनचं काम तुमच्याकडे आहे असं कळलं. मी त्यांच्या घरचाच समजा.”

“कसलं काम?” मी म्हटलं. 

“अरे, तुम्ही कशाला टेन्शन घेता? तपासून ठेवा. मी परत येईन.” आणि तो हसून निघून गेला. त्या हसण्यात धमकी होती की नव्हती, हे मी दिवसभर ठरवत बसले. जेवण गेलं नाही.

संध्याकाळच्या आत मंगला शेडमधून थेट आली. या वेळी तिच्याकडे तोडगा होता.

“बाई, तुम्ही फक्त लिहून द्या की हाडाचा आहे. हाडाला कायदा नाय. कोणी नेणार नाय, कोणी पकडणार नाय.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

तिने आधी फाटकाकडे पाहिलं. मग म्हणाली, “तो गाडीवाला. दुपारी शेडवर आला. बोलला, मॅडमची सही असली की काय भीती नाय.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या माणसाला मूर्तीइतकीच माझी सही हवी होती. संग्रहालयातल्या बाईने हाडाचं म्हणून लिहून दिलं, की तीच मूर्ती तो राजरोस नाक्यावरून गुजरातेत नेऊ शकत होता. मी मंगलाला ते समजावलं. एकदा, दोनदा. तिला पटलं नाही.

“मी त्याला देणारच नाय, तर तो नेईल कसा?” ती म्हणाली. “आमचा देव आमच्या घरी राहील. तुमचा एक शब्द जाईल. तुम्हाला तुमचं नाव राखायचंय, बाई.”

मला राग आला, कारण त्यात थोडं खरं होतं. त्याच्या भीतीने मी नाही म्हणत होते, की आयुष्यभर जपलेल्या शब्दाच्या अभिमानाने? आजही मला नक्की सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी मी डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसले. मंगला शेजारी होती, पण मध्ये तिने आपली पिशवी ठेवली होती. वनखात्याच्या कार्यालयापर्यंत पिशवी तिथेच राहिली. प्रत्येक गतिरोधकाला मी डबा हातांवर तोलून धरत होते. मागे पांढरी गाडी दिसली की मी नंबरप्लेट बघायचे, आणि डहाणूत पांढऱ्या गाड्या फार.

तिथल्या अधिकारी तिशीतल्या, शांत बाई होत्या. आतापर्यंत त्यांनी पकडला होता तो खैर आणि साग. हस्तिदंत पहिलाच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गाडीवाल्याचं वर्णन लिहून घेतलं आणि म्हणाल्या, “आधी ही वस्तू कशाची आहे ते मला लेखी लागेल. मॅडम, तुम्हीच तज्ज्ञ आहात. तुम्ही लिहाल त्यावर पुढचं ठरेल.”

कागद पुढे आला. मंगला माझ्याकडे बघत होती. मी मूर्ती आडवी धरून तळ त्यांना भिंगातून दाखवला, जाळी दाखवली, आणि लिहिलं: हस्तिदंत. खाली सही केली. मंगला उठून व्हरांड्यात गेली.

पंचनामा झाला. गोवारी देव जप्त झाला. बाई म्हणाल्या, वारशाने आलेला असेल तर आजीच्या नावाने अर्ज करता येईल. मुदत कधीच उलटली आहे, पण वर विनंती करून पाहू. मात्र कायद्याच्या आधीपासून घरात होता याचा पुरावा हवा. मंगलाकडे पुरावा काय असणार? तोंडची गोष्ट. ती माझ्याशी न बोलता निघून गेली.

देव लोखंडी कपाटात गेला, जप्त केलेल्या कोयत्या-कुऱ्हाडींच्या शेजारी. मी अधिकारी बाईंना विनवलं की हा तिथे कोरडा पडला तर फुटेल. त्यांनी साहेबांची परवानगी काढली. दर मंगळवारी त्यांच्यासमोर कपाट उघडायचं, मी वाटीतला स्पंज ओला करायचा, कापूस सारखा करायचा, वहीत सही करायची. अशी मी आरोपी देवाची तुरुंगातली डॉक्टर झाले.

मंगलाने फोन घेणं बंद केलं. म्हणून पुरावा शोधायला मी एकटीच निघाले. शेठाणीकडून कळलं की मंगलाची नणंद झाईला दिली आहे, मच्छीमारांच्या घरात. झाई म्हणजे आपल्याकडचं शेवटचं गाव, पुढे गुजरात. नणंद ओट्यावर जाळं दुरुस्त करत होती. मी गोवारी देवाचं नाव काढताच तिचे हात थांबले.

“तुम्हीच ती सही करणारी बाई?”

“हो.”

तिने मला बसायला सांगितलं नाही. मी उभ्यानेच विचारलं, जुना एखादा फोटो, काहीही. ती म्हणाली, नाही. मी चपला घातल्या. फाटकापर्यंत पोचले तेव्हा मागून आवाज आला, “बाचा एक हाय.”

पत्र्याच्या पेटीच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत होता. कृष्णधवल, कोपरा वाळवीने खाल्लेला. तरुण माणूस, तरुण बायको, तिच्या कडेवर तान्ही मुलगी. “ती मी,” नणंद म्हणाली. आणि तिघांच्या पुढ्यात स्टुलावर, पाहुण्याला मान द्यावा तसा मधोमध ठेवलेला, गोवारी देव. खांद्यावरच्या कोकराचा एक कान तुटका होता, फोटोत तसाच तुटका. मागे स्टुडिओचा शिक्का, आणि शिक्क्यात साल. ते साल कायद्याच्या आधीचं होतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. “पाणी देऊ का?” नणंदेने पहिल्यांदाच नीट विचारलं.

फोटो लागला, अर्ज गेला. मग वाट पाहणं सुरू झालं. आणि याच वाट पाहण्यात माझ्या हातून ते झालं.

जानेवारीत भाचीचं लग्न होतं, नाशिकला. दोन मंगळवार चुकले. मला वाटलं, दोनच तर आहेत. त्याच पंधरवड्यात पूर्वेचा कोरडा वारा सुटला, ओठ फुटावेत असा. परत आल्यावर कपाट उघडलं तर वाटीतला स्पंज दगडासारखा वाळला होता, आणि देवाच्या मानेपासून मांडीवरच्या कोकरापर्यंत केसासारखा नवा तडा. ‘टिक’ आवाज झाला असणार. ऐकायला कुणी नव्हतं. अधिकारी बाई म्हणाल्या, “फार बारीक आहे, मॅडम. दिसतही नाही.” मी वहीत तड्याची लांबी लिहिली, पण तो का पडला ते लिहिलं नाही, आणि मंगलाला कळवलं नाही.

आदेश पावसाच्या तोंडावर आला. मूर्ती वारसाहक्काने जेठीआजीच्या नावावर. विकायची नाही, कळवल्याशिवाय हलवायची नाही, वर्षातून एकदा वनरक्षक येऊन पाहून जाणार. गाडीवाल्याचं काय झालं ते मला ठाऊक नाही. पाड्यावर तो पुन्हा दिसला नाही एवढं खरं, पण फाटकाशी पांढरी गाडी थांबली की आजही मी खिडकीतून आधी नंबरप्लेट बघते.

ताबा घ्यायला आजीला स्वतःला यावं लागलं. ऐंशीच्या पुढची, काटकुळी, डोळ्यांत मोतीबिंदू. मंगलाने तिला धरून खुर्चीवर बसवलं. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

“आजी,” अधिकारी बाई म्हणाल्या, “ही मूर्ती तुमचीच ना? नीट बघून सांगा.”

“दिसत नाय मना. हातात द्या.”

मी डबा उघडला आणि देव तिच्या ओंजळीत ठेवला. तिने बघायचा प्रयत्नच केला नाही. मान वर करून समोरच्या भिंतीकडे तोंड केलं, आणि अंगठे फिरू लागले. आधी भोपळा. मग पक्षी. मग खांद्यावरचं कोकरू, तुटका कान. “हाच,” ती म्हणाली. बाईंनी पेन उचललं. पण अंगठा थांबला नव्हता. मानेवर आला, खाली सरकला, परत वर गेला. मग तिने नख लावलं.

“यो नव्हता.”

“काय, आजी?”

“यो तडा. नेला तवा नव्हता.”

 ‘कपाटात हवा कोरडी होती’ असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

“माझ्यामुळे झाला, आजी,” मी म्हटलं. “दर मंगळवारी येऊन बघायचं काम माझं होतं. दोन वेळा मी आले नाही. लग्नाला गेले.”

मंगलाने तेव्हा माझ्याकडे पाहिलं, कित्येक महिन्यांनी.

आजीचा अंगठा तड्यावरून फिरत राहिला. मग तिने लुगड्याचा पदर सोडला, देवाला त्यात गुंडाळलं, पोटाशी धरलं आणि म्हणाली, “कोनाच्या लग्नाला?”

“भाचीच्या.”

“मंग जायलाच लागतं.” ती उठली. दाराशी थांबून, मी कुठे उभी आहे याचा अंदाज घेत, म्हणाली, “पण वाढला तर कोन बघल? मंगळवारी येत जा.”

तेव्हापासून दर मंगळवारी मी सकाळची तलासरीची बस धरते आणि पुढे पाड्यापर्यंत रिक्षाने जाते. पिवळा बल्ब काढून टाकला आहे, वाटीतला स्पंज मंगला रोज ओला करते, न चुकता. माझ्यासाठी कोरा चहा ठेवते, तो मी काम झाल्यावर घेते. देव फडक्याखाली झाकलेला असतो. भिंग काढते, जवळ बसते, आणि दर वेळी फडक्यापाशी माझा हात थांबतो. किती वेळ थांबतो ते मला कळत नाही. मागे भिंतीला टेकून बसलेल्या आजीला कळतं.

“उचल,” ती म्हणते. “हाय तो.”